बहिरी खोली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका गादीला टाके घालणं. ओट्यावर गादी उभी धरलेली, या बाजूला तो, त्या बाजूला मी. तो हातभर लांब सुई आरपार घाली, मी पलीकडून ओढून परत देई. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं तो कायमचा अकोल्याला लेकीकडं जाणार होता. घर रिकामं झालं होतं. गादी कोणाची ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाची असेल, जाता जाता काम पुरं करून देत असेल, असं वाटलं.

"ओढ ना गा दादा. जेवला नाई काय?"

"जेवलो."

"मंग गाठ अशी ढिली काहून? गादी हाय का नवी सून हाय, लाजून लाजून हात लावून राहिला!"

मी दोरा ओढला. मला त्याच्याकडून एक टेप मागायची होती. दोन महिने मनात होतं. रोज त्याच्या ओट्यावर बसायचो, चहा प्यायचो, आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. आता ही शेवटची संध्याकाळ. मागितली नाही तर ती टेप अकोल्याला जाणार, तिथं भंगारात जाणार. पण मागायची लाज वाटत होती. त्या टेपेत काय आहे ते एकदम सांगितलं तर तुम्हीही हसाल. म्हणून आधी माणूस सांगतो.

त्याचं नाव लिहीत नाही. गल्लीत सारे त्याला गादीवालाच म्हणत. बापजाद्यांपासून कापूस पिंजायचा धंदा. चांदूर रेल्वे गावात त्याची आणि आमची भिंत एक. भिंत म्हणजे काय, एका विटेची. त्याच्या घरी फोडणी पडली की आमच्या घरी शिंक. मी जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर होतो. रेच्याचा आवाज असा की बाजूच्या माणसाला शिवी द्यायची तरी ओरडून द्यावी लागे. त्यापायी माझा आवाज मोठा झाला तो झालाच. घरी मीठ मागितलं तरी बायकोला वाटे मी भांडून राहिलो.

गादीवाल्याची खोड अशी की कोणाच्याही घरात गेला की आधी मध्यभागी उभा राहून एक टाळी वाजवी. एकच. मग मान वाकडी करून ऐके. मग निकाल देई. एकदा एका गुरुजींनी नवीन स्लॅबचं घर बांधलं, वास्तूला सगळ्यांना बोलावलं. हा गेला, हॉलमध्ये टाळी वाजवली आणि गुरुजींच्या व्याह्यासमोर म्हणाला, "घर झकास हाय गुरुजी. पन इथं भांडन लई घुमन. हळू भांडजा." मी बाजूला पुरणपोळी हातात धरून उभा. जमिनीनं गिळावं असं वाटलं. त्याच्यासोबत कुठं जायचं म्हणजे आपली लाज खिशात घालूनच निघावं लागे.

त्याला रेकॉर्डिंगचा नाद कुठून लागला ते सांगतो. मशीन आलं आणि हातानं पिंजणं बंद पडलं. कापूस पिंजायचं मोठं धनुष्य असते, त्याच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, लाकडाचा ठोका मारला की ती बोलते, तूंऽऽ तूंऽऽ. त्याच्या बापाचं धनुष्य खुंटीला टांगलेलं होतं. हा म्हणे, "बापाची तात कॅसेटीत भरून ठेवतो. नातवाईले ऐकवीन." अमरावतीला एका स्टुडिओत चौकशी करून आला आणि संतापून आला. "तासावर पैसे मांगते! घड्याळ गाते का मानूस गाते?" मग म्हणाला, घरीच करू.

घरीच म्हणजे कसं, तर एका मंडपवाल्याच्या बारा गाद्या पिंजून दिल्या आणि बदल्यात त्याचा बिघडलेला टेप डेक आणि चेपलेला माईक घेतला. डेक त्यानं स्वतः उघडला, पट्टा सायकलच्या ट्यूबचा कापून लावला. माईक छताला टांगायचा, तर नुसत्या सुतळीनं टांगला की कोणी चाललं तरी धबधब आवाज येई. त्याला लवचिक काही पाहिजे होतं. ते कुठून काढलं ते मला दोन दिवसांनी समजलं, जेव्हा वाळत घातलेली माझी चड्डी उचलली आणि तिची कंबरच ढिली झालेली. इलॅस्टिक माईकला गेलं होतं. आमच्या बायकोची भरतकामाची रिंग गेली. तिच्यावर मलमल ताणून त्यानं माईकपुढं बांधली, 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडाची हवा लागू नये म्हणून. हेडफोन एकच, तोही एका कानाचा. दुसरा कान मेलेला. चांगली कॅसेट एकच. तीच पुसायची आणि तीच भरायची.

स्टुडिओतल्या पोरानं त्याला सांगितलं होतं, भिंतीला अंड्याचे ट्रे लाव. यानं आम्लेटच्या गाडीवरून ट्रे जमवले, सगळी खोली लावली. महिनाभर त्याच्या खोलीत गेलं की कोंबडीच्या खुराड्यात आल्यासारखं वाटे. मग एक दिवस त्यानं टाळी वाजवली, मान वाकडी केली आणि एक एक करून सगळे ओरबाडून काढले.

"कागद हाय कागद! आवाजाले काय फरक पडते, अंड्यातून जाओ का डब्यातून! आवाज म्हंजे धूळ हाय दादा. ते कागदावर नाई बसत. रुईत बसते."

मग कापूस. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, आमचं जिनिंग आज चालू तर उद्या बंद. मी जमिनीवरची झाडण पोत्यात भरून त्याला आणून देई, मालक काही म्हणत नसे, कारण मालकालाही त्याचं काही करता येत नव्हतं. गादीवाल्यानं त्या झाडणीच्या गाद्या शिवल्या आणि तिन्ही भिंतींना उभ्या टांगल्या. दाराला एक. वर छताला एक, मंडपाच्या दोरांनी आवळलेली. चौथी भिंत आमची. तिथपर्यंत कापूस पुरला नाही.

"खोली बहिरी पायजे," तो म्हणे. "मानूस नाई, खोली."

आत गेलं आणि दार लावलं की आपला श्वास आपल्यालाच ऐकू येई. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घाबरून बाहेर आलो. रेच्यापाशी उभं आयुष्य गेलेला माणूस मी, इतकी शांतता मला सोसवेना.

बापाची तात त्यानं भरली. चांगली भरली म्हणाला. आणि पंधरा दिवसांनी एका भजनी मंडळाला कॅसेट पाहिजे होती, तेव्हा तिच्यावरच भजन भरलं. मला राग आला. म्हटलं, "अरे, बापाची तात पुसली तू?"

"कॅसेट एकच हाय."

"म्हनून बाप पुसाचा?"

तो हसला. "दादा, कान काय भाड्यानं आनले? हे पाय." आणि तोंडानं तात वाजवली. तूंऽऽ तूंऽऽ, ठोक्यासकट. मी खुंटीकडं पाहिलं, धनुष्य जागचं हललं नव्हतं. नक्कल त्याला अशी येई. मालगाडी, जिनिंगचा भोंगा, गल्लीतल्या प्रत्येकाचा खोकला. मशिदीत जाताना कोण मागून येऊन राहिलं ते चपलेवरून सांगे.

आमच्या बायकोचं आणि त्याचं जुळे ते यावरून. भुलाबाईची गाणी झाली की पोरी खाऊचा डबा वाजवून ओळखायला लावतात ना, आत काय आहे ते. आमच्या घरी पोरी जमत. हा भिंतीपलीकडून ओरडे, "वैनी, मुरमुरे!" डबा वाजला रे वाजला की हा ओरडणार. "शेंगदाने! गूळ टाकून!" पोरी रडकुंडीला येत. बायको भिंतीवर लाटणं आपटे, "भाऊ, तुमी नका सांगू ना, लेकराईचा खेळ हाय!" एकदा तिनं डब्यात नुसते हरभऱ्याच्या डाळीएवढे खडे टाकून वाजवले. पलीकडून आवाज आला, "वैनी, दात पडतीन माहे."

आता टेपेचं.

पेरणीच्या आधी एक बियाण्याचा दुकानदार आपली कॅसेट घेऊन आला. ऑटोवर भोंगा लावून गावोगाव फिरवायची, तर जाहिरात भरून पाहिजे होती. शहरातून करणं त्याला परवडत नव्हतं. गादीवाल्यानं मला ओढलं. "दादाचा आवाज म्हंजे भोंग्याले भोंगा." मी नाही नाही म्हटलं. शेवटी गेलो. दुपारची वेळ, मे महिन्यातली. पंखा चालवायचा नाही, आवाज भरतो म्हणून. तिन्ही बाजूंनी आणि डोक्यावर कापूस. मी चड्डीवर उभा, तीही नाड्याची, कारण इलॅस्टिक डोक्यावर माईक धरून होतं.

"शेतकरी बंधूंनोऽऽ!"

"वरडू नको बे! हे जिनिंग नाई. माईक कान हाय, कानात सांग."

"मले कानात बोलता येत नाई."

"मंग बायकोसंग काय बोलत असशीन तू?"

घाम पुसत पुसत भरली एकदाची. एका कानानं त्यानं ऐकली, ठीक आहे म्हणाला. मला पुन्हा ऐकायची हिंमत नव्हती. स्वतःचा आवाज ऐकणं म्हणजे स्वतःला मागून चालताना पाहणं.

दोन दिवसांनी ऑटो आमच्या गल्लीत आला. बायको ओट्यावर गहू निवडत होती, शेजारच्या दोघी बाया सोबत. भोंग्यातून माझा आवाज, "शेतकरी बंधूंनोऽऽ! यंदाचा हंगाम..." आणि मग थांबा. त्या थांब्यात भोंग्यातून आवाज आला, घर्र. घर्र. घर्रऽऽऽ फुस्स. मग पुन्हा मी, "...भरवशाचं बियाणं!" मग पुन्हा घर्र.

आधी कोणाला समजेना. मग एका बाईनं तोंडावर पदर घेतला. मग दुसरीनं. बायकोच्या दुपारच्या झोपेची वेळ, एका विटेची भिंत आणि कापूस न लावलेली चौथी बाजू; गादीवाल्याच्या कानाला तो आवाज रोजचा, म्हणून त्याला तो वेगळा लागलाच नाही. गल्लीतल्या सगळ्या बायांनी तो आवाज ओळखला. आमची बायको सूप तिथंच टाकून घरात गेली आणि दार लावून घेतलं.

ऑटो चांदूरच्या बाजारात फिरला, नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यांत फिरून आला. लोक माझ्याकडं पाहून म्हणत, "काय दादा, बियान्याले झोप लागली म्हने?" त्या वर्षी पाऊस लांबला, कोणाचंच उगवलं नाही. तेव्हा एकानं पानठेल्यावर म्हटलं, "जाहिरातीतच घोरत होतं, ते जमिनीत कायले उठते." सारे हसले. मग हसणं आपोआप बंद झालं, कारण हसणाऱ्यांतही पेरून बसलेले होते. मी पान न घेताच घरी आलो.

बायको तेव्हापासून दुपारी झोपेना. भिंतीला टेकून बसून राही, डोळे मिटले की दचकून उघडी. मला म्हणे, "अजी, रात्री मी लई घोरतो काय? खरं सांगा."

"रेच्यापुढं काई नाई," मी म्हणालो. मला वाटलं, विनोद केला.

गादीवाल्याला हे समजलं. त्यानं एक उभी गादी शिवली आणि आमच्या घरात, आमच्या बाजूनं त्या भिंतीला टांगली. बायकोला आणखीच लाज. "माह्या घोरन्यासाठी गादी!" तो म्हणाला, "नाई वैनी, माह्या वाजवन्यासाठी. तुमची झोप खराब होते." मग ती तिथंच, गादीच्या पायथ्याशी, भिंतीकडं तोंड करून झोपू लागली. हिवाळ्यात तर पाठ लावून बसे. "ऊब देते अजी," म्हणे.

ती गेली. कशानं गेली ते डॉक्टरनं सांगितलं, मला समजलं नाही. समजून काय करायचं होतं.

आपल्याकडं माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण बाहेर काढतात. माझ्या साळ्यानं तिची वाकळ, तिची उशी काढली, आणि ती झोपे तिथली म्हणून भिंतीची गादीही उतरवून नेली. तिसऱ्या दिवशी सतरंजीवर सगळे खाली माना घालून बसलेले. गादीवाला आला. दाराशी चपला काढल्या, मध्यभागी आला, आणि टाळी वाजवली.

सगळ्यांनी माना वर केल्या. साळा उठला, "अकल हाय का बे? मौताच्या घरी टाळ्या वाजवून राहिला!" कोणीतरी त्याला धरलं. मला इतकी शरम आली की मी भिंतीकडं तोंड फिरवलं. गादीवाला मान वाकडी करून उभा होता. हळूच म्हणाला, "घर खाली झालं. गादी कोनं नेली?" आणि चपला हातात घेऊन गेला.

तो गेल्यावर मला ऐकू आलं. घर घुमत होतं. पेला ठेवला तरी घुमे. रात्री कूस बदलली तरी घुमे. जन्मभर म्हणत आलो की बाई झोपू देत नाही, आणि आता मला झोप येईना. म्हातारपणी माणसाला बायकोच्या हातच्या भाकरीची आठवण यावी, तिच्या बोलण्याची यावी. मला तिच्या घोरण्याची येत होती. हे कोणाला सांगायचं? लेकीला सांगायचं? डॉक्टरला सांगायचं? मग मला टेप आठवली. दुकानदारानं चिडून ती परत आणून फेकली होती. तिच्यात मी होतो आणि ती होती. दोघंही.

त्या संध्याकाळी अर्ध्या गादीला टाके घालून झाले तेव्हा मी म्हणालो, "ते एक मांगाचं होतं तुले."

"मांग."

"ते टेप. बियान्याची."

"तुह्या आवाजाची? काहून, निवडनुकीले उभा राहून राहिला काय?"

"माह्या नाई." सुई माझ्या हातात होती. समोरून दोन माणसं चालली होती, ती जाऊ दिली. "तिचं... ते घोरनं."

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. सुई घ्यायला हात पुढं केला आणि म्हणाला, "पुसलं दादा."

"भजन भरलं त्याच्यावर?"

"नाई. वैनी आली होती. दुकानदारानं टेप आनून फेकली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. डबा घेऊन. दारातून वाजवला, म्हने, भाऊ, ओळखा. मी म्हटलं, फुटाने. म्हने, ओळखलं, खा. पन ते पुसा. माह्या समोर पुसा. आन् परत कोनाले ऐकवू नका, यायलेबी नाई." यायले म्हणजे मला. "मी पुसलं. ते बसून होती पुसून होईपर्यंत."

ती दारातून डबा घेऊन गेली, तिथं बसली, आणि मला कधी सांगितलं नाही. आणि मी काय मागत होतो? जी गोष्ट झाकायला ती शेजाऱ्याच्या दारी गेली, तीच मी उघडून मागत होतो, नाही म्हणायला ती उरली नाही तेव्हा. मला टेप मागायची लाज होती ती एक. ही दुसरी. ही मोठी होती.

"ओढ," तो म्हणाला. आम्ही उरलेले टाके घातले. उठताना मी म्हणालो, "सकाळी येतो. पेटी मी नेईन स्टेशनवर."

सकाळी मी जायच्या आत तोच आला. खांद्यावर ती गादी. विचारलं नाही, पुसलं नाही, ती झोपे तिथं खाली अंथरली. दार आतून लावलं. मध्यभागी उभा राहून टाळी वाजवली, मान वाकडी केली. "अजून थोडं बोलते घर. चालन," म्हणाला. मग मला म्हणाला, "लेट."

"गाडी हाय तुही."

"लेट म्हनतो ना!"

मी आडवा झालो. तो माझ्या बाजूला जमिनीवर भिंतीकडं तोंड करून बसला, माझ्याकडं पाठ.

"वैनीले मी टेपेचा शब्द देला होता," भिंतीकडं पाहतच म्हणाला. "अन् म्हनली होती, यायलेबी नाई. ते मोडतो आता. माह्यावर घेतो. वर भेटली तं फुटाने नेईन."

आणि घोरू लागला.

घर्र. घर्र. घर्रऽऽऽ फुस्स. मला आधी राग आला, उठून त्याला मारावं असा. साठी उलटलेले दोघं म्हातारे, दार लावलेलं, आणि एकजण दुसऱ्याच्या मेलेल्या बायकोसारखा घोरतो आहे. कोणी पाहिलं असतं तर? मी डोळे मिटले ते लाजेनं मिटले. तो थांबला नाही. दोन छोटे, एक लांब. आणि मग एकदम मध्येच तो म्हणाला, "हं." बारीक, झोपेतला, कोणी काही विचारल्यावर म्हणावा तसा.

ती तसं म्हणे. झोपेत मध्येच 'हं' म्हणे, आणि पुन्हा घोरू लागे. मी ते विसरून गेलो होतो. इतकी वर्षं बाजूला झोपून मी विसरलो, आणि भिंतीपलीकडच्याच्या कानात ते होतं.

मला वाटते मीही "काय वो?" म्हणालो. नक्की सांगता येत नाही, कारण मला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन दारातून आत आलं होतं आणि पॅसेंजर केव्हाच गेली होती. पेटी नेतो म्हणून सांगणारा मी, गादीवर पसरलेलो. शेजारच्या बाईनं सांगितलं, पेटी त्यानं स्वतःच डोक्यावर घेऊन ऑटोत ठेवली. ऑटोवाला सुरू करायला गेला तर यानं त्याचा हात धरला, इथं नाही म्हणाला. आणि दोघांनी मिळून तो ऑटो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत नेला.